सातव्या मजल्यावरचा चीक

परवा दुकानात कुरडयांचं पाकीट हातात घेतलं आणि मला राग आला. पाकिटावर नाकात नथ घातलेल्या, गालाला खळी पडलेल्या एका आजीबाईंचं चित्र होतं. त्यांच्या हातात सोऱ्या होता आणि हात अगदी कोरडे, स्वच्छ, जणू आत्ताच मॅनिक्युअर करून आल्या आहेत. आत कुरडया एकसारख्या, एका मापाच्या, यंत्राच्या. मी पाकीट उलटसुलट करत उभा राहिलो. दुकानदार म्हणाले, "घ्यायचंय का? नसेल तर ठेवा. बघायला घरी टीव्ही असेल."

मी ठेवलं. पण राग घेऊन आलो.

चैत्र संपत आला की मला असा राग येतो. बाकीच्यांना या दिवसांत आंब्याचा वास येतो, मोगऱ्याचा येतो. मला येतो तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा. आंबूस, किंचित कुबट, नाक मुरडावं असा आणि तरी पुन्हा घ्यावासा वाटणारा. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी दाणा बोटात धरला की पचकन फुटून पांढरं दूध यायला हवं. मग वाटायचा, गाळायचा, रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी जो दाट, पांढराशुभ्र साका उरतो तो चीक. तो मीठ घालून शिजवला की कुरडई घालण्याआधी घरातला प्रत्येक माणूस वाटी घेऊन चुलीभोवती घुटमळतो. कुणी त्यावर दूध-साखर घेतं, कुणी कच्चं तेल. मी दोन्ही घेतो, वेगवेगळ्या वाट्यांत. या हावरटपणाचं पुढे काय झालं तेच सांगायचं आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच वारज्यात राहायला गेलो होतो. मी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतून उठून सातमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो, याचं मला केवढं अप्रूप! समोर हायवे, मागे ओढा, मध्ये कालपरवापर्यंत ज्वारी होती तिथं आमचं पार्किंग. मी सॉफ्टवेअर कंपनीत होतो. सकाळी आठला कंपनीची थंडगार बस कोपऱ्यावर यायची आणि मी गळ्यात ओळखपत्र अडकवून पळत सुटायचो. त्या ओळखपत्राचा मला इतका अभिमान की रविवारी भाजी आणायलासुद्धा ते गळ्यातच. मंडईत एका भाजीवालीनं विचारलं होतं, "काय हो, हरवता का तुम्ही?"

सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं. कारण एकच: मला नोटिसा लिहिता येत. हे आमचं घराण्यातलं कसब. माझे वडील दारावर पाट्या लावत, त्या वाचायला लोक मुद्दाम थांबत. माणसाला तोंडावर काही सांगण्यापेक्षा त्याच्या पाठीमागे चार ओळी खरमरीत लिहून चिकटवणं यात आमच्या पेठेला परमानंद. मी तो परमानंद वारज्यात आणला. माझी पहिली गाजलेली नोटीस लिफ्टबद्दल होती. कामवाल्या बायका ओल्या बादल्या घेऊन लिफ्टमधून जातात, वास येतो, अशी तक्रार आली. मी लिहिलं: "लिफ्ट सदनिकाधारकांसाठी असून कामाला येणाऱ्या महिलांनी जिना वापरावा. जिना चढल्याने प्रकृती ठणठणीत राहते. हा लाभ सोसायटी त्यांना विनामूल्य देत आहे."

लोकांनी वाचली, हसले, एकमेकांना वाचून दाखवली. चेअरमन सबनीस म्हणाले, "वा! पेठेतलं पाणी आहे." मी आठवडाभर त्या कौतुकावर तरंगत होतो. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यापैकी कुणी हसलं का, हे बघायचं मला सुचलं नाही. आता ते वाक्य नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात. तेव्हा मला ते साहित्य वाटत होतं.

केशरबाई त्या जिन्यानं आमच्याकडे भांडी घासायला यायच्या. परभणीकडच्या. नवऱ्याबरोबर बांधकामावर आल्या, नवरा परांचीवरून पडून पाय अधू करून बसला, आणि ज्या इमारतीच्या विटा त्यांनी डोक्यावर वाहिल्या होत्या तिथंच त्या भांडी घासायला लागल्या. हे त्यांनी एकदा तवा खरवडता खरवडता सांगितलं. "ह्या तुमच्या मोरीच्या भितीला म्याच पानी मारलंय," म्हणाल्या. मी, "हो का? छान झालीये," असं म्हटल्याचं आठवतं.

ओढ्यामागच्या पत्र्याच्या घरांतल्या दहा बायकांचा त्यांचा बचत गट होता. सगळ्या आमच्याच सोसायटीत कामाला. त्या वर्षी त्यांनी उन्हाळी कामाचा बेत केला आणि नारायण पेठेतल्या एका घरगुती पदार्थांच्या दुकानानं कुरडयांची ऑर्डर देऊ केली. पहिली ऑर्डर. माल पसंत पडला तर पापड, सांडगे, शेवया, पुढच्या वर्षीचंसुद्धा सगळं त्यांच्याकडून घ्यायचं, असं दुकानदारीणबाईंनी कबूल केलं होतं. त्या भरवशावर केशरबाईंनी चारांपैकी दोन घरांची कामं सोडली. गहू आला, सोरे आले. एकच गोष्ट नव्हती. ऊन.

म्हणजे ऊन होतं, रगड होतं. पण ते पसरून घ्यायला जागा नव्हती. पत्र्यावर घातलं तर पत्रा तापून कुरडई खालून करपते. गल्लीत घातलं तर धूळ, कुत्री. आणि समोर आमची सात मजल्यांवरची गच्ची, दिवसभर रिकामी, उन्हानं नुसती फुटत असलेली. त्यांनी माझ्या बायकोला, वृंदाला, विचारलं. वृंदानं मला. मी सेक्रेटरीच्या रुबाबात "बघू, विचार करावा लागेल," म्हणालो. दुसऱ्या दिवशी केशरबाई वाटीभर गरम चीक घेऊन आल्या. वर साजूक तूप. मी चाटूनपुसून खाल्ला आणि परवानगी देऊन टाकली. फक्त गच्चीवर स्टोव्ह पेटवायचा नाही, चीक खालून शिजवून आणायचा, एवढी अट घातली. अट घातल्याशिवाय परवानगी दिल्यासारखं वाटत नाही आम्हाला.

ते दोन आठवडे काय सुंदर होते! सकाळी साडेसहाला पातेली जिन्यानं वर निघायची. पोत्याच्या तुकड्यांत धरलेली, वाफाळणारी, एका पातेल्याला दोघीजणी. तिसऱ्या मजल्यावर थांबून हात बदलायच्या. वर जुनी लुगडी पसरलेली, त्यावर सोऱ्यातून चीक गोल गोल फिरत उतरायचा. कुणी म्हणायची, "अगं, गोल घाल, तुझ्या सासूचं तोंड काढू नगंस." हशा असा यायचा की दुसऱ्या मजल्यावर माझ्या दाढीचा फेस हलायचा. केशरबाई बोटानं कडा सारख्या करत फिरायच्या. त्यांची पाठ मी तिथं पहिल्यांदा ताठ बघितली. आमच्या मोरीत ती नेहमी वाकलेली असायची, त्यामुळे मला वाटे तशीच आहे.

मग तक्रारी. आंबूस वास. गच्चीवर लुगडी, "आपली काय चाळ आहे?" शेजारच्या विंगमधले फ्लॅट अजून विकायचे होते. गाडीतून उतरलेली गिऱ्हाइकं मान वर करून बघतात आणि त्यांना लुगडी दिसतात. भाव पडेल. या शब्दानं आमच्या सोसायटीत माणसं दुपारच्या झोपेतून उठून बसत. ज्यांनी कर्ज काढून पहिलं घर घेतलं होतं तेही दुसरं घर घेतल्यासारखे भावाबद्दल बोलत. त्यांत मीही होतो, हे सांगून टाकतो, नाहीतर पुढचा राग फारच पवित्र वाटेल.

कमिटीत वाद झाला. मी कुणाची बाजू घेतली? कुणाचीच नाही. मी मधला मार्ग काढला. शनिवारी संध्याकाळी नोटीस लिहिली: "सर्वसाधारण सभेत निर्णय होईपर्यंत सोमवारपासून गच्ची सर्वांसाठी बंद राहील. सर्व म्हणजे सर्व. अपवाद फक्त पाण्याच्या टाकीचा." किती न्याय्य! कुणावर बोट नाही, कुणाशी भांडण नाही. शिवाय टाकीचा विनोद. ती मी लिफ्टमध्ये, आरशाच्या वर, सगळ्यांच्या नजरेला पडेल अशी चिकटवली. रविवारी गच्चीची किल्ली सबनीसांच्या हाती दिली. "आता तुम्हीच सांभाळा," म्हणालो आणि हात झटकून आइस्क्रीम खायला गेलो.

सगळ्यांच्या नजरेला पडेल अशी. लिफ्टमध्ये.

केशरबाईंना वाचता येत होतं. चौथीपर्यंत शिकल्या होत्या, वृंदाकडचा पेपर रोज फरशीवर पसरून वाचायच्या. पण लिफ्टमध्ये त्या कशा वाचणार? त्यांना लिफ्टबाहेर मी काढलं होतं, विनामूल्य प्रकृतीसाठी. रविवार त्यांच्या सुट्टीचा, म्हणून घरी बोलणंही झालं नाही. आणि शनिवारी? शनिवारी सकाळी त्या आमच्याच मोरीत होत्या. मला माहीत होतं की मी नोटीस लिहिणार आहे. दहा पावलांवर होत्या. मी चहा प्यालो, कप त्यांच्यासमोर ठेवला आणि शब्द काढला नाही. गहू कधी भिजत घातलाय, एवढा एक प्रश्न. तो गुरुवारी घातला होता. रविवारी वाटून झाला होता.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. जिन्यातून पातेली वर गेल्याचा आवाज आला. त्या दिवशी तीन मोठी पातेली होती, ऑर्डरचा शेवटचा घाणा. मग हसण्याचा आवाज यायला हवा होता तो आला नाही. थोड्या वेळानं दारावर थाप. केशरबाई, घामानं निथळत, पदर कमरेला खोचलेला.

"दादा, गच्चीला कुलूप कुनी लावलं?"

मी तोंडाला फेस तसाच ठेवून म्हणालो, "नोटीस लावली होती केशरबाई."

"कुठं?"

मी लिफ्टच्या दाराकडे बघितलं. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. किल्ली द्या. चीक गरम हाय तवर घालाया पायजे. गार झाला की दगड व्हतो. उद्या घालू म्हनलं तर आंबून जातोय. गव्हाला काय सोमवार-मंगळवार कळतोय का?"

मी फेस पुसला आणि सबनीसांकडे गेलो. केशरबाई मागे. सबनीस पूजेतून उठून आले, कपाळाला गंध, चेहरा प्रसन्न.

"सर, जरा किल्ली हवी होती. आजच्या दिवस."

"अहो, आपणच लिहिलंय ना? किती छान लिहिलंय."

"हो, पण यांचं सगळं शिजवून वर नेलंय. त्यांना माहीत नव्हतं."

"आजचा वार कोणता?"

"सोमवार."

"मग? सोमवारपासून, असंच लिहिलंय आपण. सर्व म्हणजे सर्व." ते हसले. "या पाण्याची टाकी असत्या तर गोष्ट वेगळी."

माझाच विनोद. माझ्याच तोंडावर. आणि सांगतो, त्याही क्षणी माझ्या ओठाची एक कड हसायला लागली होती. लेखकाचा स्वभाव! केशरबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ती कड पाहिली.

"सायेब," त्या सबनीसांना म्हणाल्या, "येक दिस. हात जोडते. ह्याच्यावर आमचं वरीस हाय."

"बाई, आज तुम्हाला दिली की उद्या सगळी वस्ती वर येईल. नियम सगळ्यांना सारखा."

तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला.

त्या वेळी मी काय काय करू शकलो असतो, याची यादी माझ्याकडे फार मोठी आहे. वीस वर्षांहून जास्त काळ ती वाढतेच आहे. किल्ली हिसकावता आली असती. कुलूप तोडता आलं असतं, ते सोसायटीच्या पैशातून मीच आणलं होतं आणि फार हलकं होतं. सबनीसांच्या दारात फतकल मारून बसता आलं असतं. मी घड्याळ बघितलं. "मी ऑफिसातून फोन करतो," म्हणालो. कुणाला करणार होतो, कोण जाणे.

ओळखपत्र घ्यायला घरी आलो तेव्हा वृंदानं बाल्कनीतल्या खुर्च्या आत, दिवाणखान्यातलं टेबल जिन्यात अशी उलथापालथ चालवली होती. पलंगावर चादरी, बाल्कनीत चादरी. "जेवढ्या मावतील तेवढ्या इथं घालू," म्हणाली. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "तू जा. तुझी बस जाईल."

मी गेलो. बसमध्ये गार हवा होती, पडदे होते. त्या दिवशी मी नऊ तास खपून एका परदेशी दुकानाचा माल गिऱ्हाइकाकडे वेळेत कसा पोचेल याचा प्रोग्राम लिहिला. उत्तम चालला. साहेबांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी कळलं ते असं. आमच्या बाल्कनीत एका पातेल्यातल्याही सगळ्या मावल्या नाहीत. बाकीचं आणि वर राहिलेली पातेली घेऊन त्या सगळा जिना उतरल्या आणि शेजारच्या अर्धवट विंगच्या स्लॅबवर चढल्या. तोवर चीक आळून आला होता. सोऱ्या दाबता दाबता एकीच्या तळहाताची सालटं निघाली. कुरडई पडायची ती तुकड्या-तुकड्यांनी. दुपारी तिथं सिमेंटच्या गोण्या उतरवल्या आणि जे काही पडलं होतं त्यावर करडी साय आली. आमच्या बाल्कनीतल्या, उन्हाअभावी, दोन दिवसांत हिरवट झाल्या. दुकानदारीणबाईंनी माल बघितला आणि नम्रपणे परत केला. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्याकडे माल येतो, चिकाची हकिगत नाही येत.

दुसऱ्या दिवशी दहापैकी एकही बाई सोसायटीत कामाला आली नाही. माझा ऊर भरून आला. वाटलं, आता कळेल! पहिल्या दिवशी खरकट्याचा वास जिन्यात आला. दुसऱ्या दिवशी लोक हॉटेलात जेवले. तिसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची सभा. मी मनातल्या मनात बायकांच्या विजयाचं भाषण तयार करत होतो. चौथ्या दिवशी एका कंत्राटदाराची गाडी आली आणि त्यातून निळे एप्रन घातलेल्या बारा बायका उतरल्या. कुठल्या दूरच्या वस्तीतून आणलेल्या, केशरबाईंहून गरीब, केशरबाईंहून घाबरलेल्या. त्यांच्याशी कुणाला बोलावं लागत नव्हतं. कंत्राटदाराशी बोलायचं. त्यांना लिफ्टही मिळाली, कारण त्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती.

"मार्केट आहे," सबनीस म्हणाले. "एक गेली, बारा आल्या."

हे वाक्य मी नंतर कितीतरी ठिकाणी, कितीतरी चांगल्या कपड्यांतल्या माणसांकडून ऐकलं. आमच्या कंपनीत महिलादिनाला बचत गटांचे स्टॉल लागतात. फुगे असतात, सक्षमीकरणाचा फलक असतो. एक वर्ष मला "दोन शब्द" बोलायला सांगितलं आणि मी बोललो! ग्रामीण स्त्रीची चिकाटी वगैरे. टाळ्या पडल्या. ज्या बायकांबद्दल बोलत होतो त्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे, एसीच्या गरम हवेच्या झोतात बसून भाकरी खात होत्या, कारण कँटीनला पास लागतो. त्यांना सक्षम व्हा म्हणून सांगणाऱ्या आपल्या सगळ्यांकडे जागा आहे, छप्पर आहे, गच्ची आहे, कुलूप आहे. त्यांनी फक्त चिकाटी आणायची. चीड येते. आणि चीड आली की मी काय करतो? लिहितो. बघा, आत्ताही तेच.

त्या उन्हाळ्यात केशरबाईंना फक्त आमचं घर उरलं, कारण वृंदानं निळ्या एप्रनला दारात उभं केलं नाही. त्या आल्या, जिन्यानंच, आणि भांडी घासू लागल्या. माझं ताट मात्र रोज उचलायला लागल्या, मी शेवटचा घास घेण्याआधीच. मी वर्षभर अर्धपोटी उठलो आणि तक्रार केली नाही.

पुढच्या चैत्रात वृंदानं सांगितलं की गटाला जागा मिळाली. जुन्या गावठाणातल्या एका पाटलीणबाईंनी घराचा स्लॅब दिला होता. जमिनी विकून त्यांची मुलं गाड्या फिरवत होती आणि त्या वर एकट्या बसून कंटाळल्या होत्या. "या की बायांनो, बोलाया तरी व्हईल," म्हणाल्या म्हणे. दहापैकी पाच बायका उरल्या होत्या. बाकीच्या कुणी गावी, कुणी दुसऱ्या बांधकामावर. मालाचा नमुना त्याच दुकानात पुन्हा द्यायचा होता.

रविवारी मी तिथं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "केशरबाई, मी मदतीला आलोय. काहीही सांगा."

त्यांनी मला भिजल्या गव्हाकडे बघतात तसं बघितलं. "काय येतंय तुमाला?"

मी विचार केला. प्रामाणिकपणे काही सुचेना.

"कावळे हाकला," म्हणाल्या आणि काठी दिली.

मी सकाळी सातपासून बसलो. नऊपर्यंत मजा वाटली. अकराला डोकं भणभणायला लागलं. बायका माझ्यावरून बोलत होत्या, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. "कंपूटरवाला राखनदार," एक म्हणाली. पाटलीणबाई म्हणाल्या, "हाय की, फुकटचा हाय." मी हसलो. दुपारी दोनदा, अगदी पाच-पाच मिनिटं, टाकीच्या सावलीला गेलो. कावळा हा पक्षी नेमका त्या पाच मिनिटांची वाट बघत असतो.

संध्याकाळी ऊन कलल्यावर कुरडया गोळा झाल्या. माझं नाक सोलपटलं होतं, मान भाजली होती आणि आत कुठंतरी फार बरं वाटत होतं. फिटलं, असं वाटत होतं. मी काठी भिंतीला टेकवून म्हणालो, "उद्या सुट्टी काढतो. सकाळी सातला येतो."

केशरबाई पदराला हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नका येऊ दादा."

"का? अहो, मला काही त्रास नाही."

"तुमी दोनदा सावलीला गेला. त्येवढ्यात त्या कडच्या वळीत चोच मारली. तुमाला हे जमत न्हाई. उद्या पाटलीनबाईच बसतील."

"एक दिवस आणखी बघा की."

"न्हाई. वाईट वाटून घिऊ नका. पर गहू भिजलाय."

त्यांनी मला कामावरून काढलं ते समोर उभं राहून, माझ्या डोळ्यांत बघून, कारण सांगून. दहा बायकांपैकी एकीलाही मी तेवढं दिलं नव्हतं.